रोहणबंदर कसं गेलं

रोहणा गावापासून समुद्र किती कोसांवर आहे हे आमच्यापैकी कोणी कधी मोजलं नाही. तरी आमच्या शाळेच्या नववीकडे तेहेतीस वर्षं एक बंदर होतं. त्याला गोदी होती, दीपस्तंभ होता, कचेरी होती, दोन तुरुंग होते आणि स्वतःचा इतिहास होता. आता ते आमचं नाही. ते कसं गेलं हे खरं सांगू शकेल असा मी एकटाच आहे, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना मी सांगितलेलं नाही.

बंदर काढलं भोयर सरांनी. प्रभाकरराव भोयर, विषय इतिहास-भूगोल, पायात बारा महिने टायरच्या चपला, आणि आवाज असा की बाजूच्या वर्गाचाही तास फुकटात होऊन जायचा. पोरं सनावळ्या घोकतात आणि पेपर झाला की विसरतात, याचा त्यांना मनापासून राग यायचा. एका वर्षी त्यांनी पुस्तक मिटून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "दुसऱ्यायचा इतिहास लई झाला. आपनच एक शहर करू, अन् आपल्याच हातानं थे बिघडवू. मंग कळन, कसं बिघडते तं."

शहर बंदराचं असावं हे पोरांनी ठरवलं, कारण समुद्र कोणीच पाहिला नव्हता. नाव पडलं रोहणबंदर. नववीच्या प्रत्येक तुकडीनं शहराची पाच वर्षं चालवायची आणि त्यांचा इतिहास लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात लिहायचा. पहिल्या तुकडीच्या नोंदीत जहाजं बैल जुंपून काठावर ओढतात, आणि पोळ्याच्या दिवशी बैलांना सुट्टी म्हणून जहाज लागत नाही. पाणी गोड होतं. चौथ्या तुकडीतल्या कोणाचा तरी मामा मुंबईला जाऊन आला, त्यानं समुद्राचं पाणी चाखून पाहिलं होतं, आणि वर्गात मोठा पेच पडला. कारण सरांचा नियम होता की रजिस्टरात एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, पुढच्यांनी ते निस्तरायचं. शेवटी नोंद झाली की या साली रोहणबंदराचा समुद्र खारट झाला, आणि लोकांनी दिवाणाला त्याबद्दल कैदेत टाकलं.

हसायचं असेल तर हसा. पुढे नागपुरात मी एम. ए. ला जो इतिहास शिकलो त्यात याहून फार जास्त अक्कल होती असं मला वाटलं नाही.

मी प्रेमदास थूल. मी नववीत होतो ते साल सत्त्याण्णव. कोण काय होणार हे सर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे, आणि आलेली चिठ्ठी बदलता येत नसे. मला हमालांचा पुढारी आला. अश्विनला टोपीकरांचा कप्तान. अश्विन म्हणजे गावातल्या बड्या घरचा पोरगा. तेव्हा शाळेत स्वतःची सायकल असलेला एकटाच. टोपीकर म्हणजे दर्यापारचे गोरे. ते कुठल्या देशाचे हे सरांनी कधी ठरवू दिलं नाही. म्हणायचे, "कोनीबी असो, काम एकच करते."

त्या साली रोहणबंदराची तीन जहाजं खडकावर आपटून फुटली, कारण दीपस्तंभ नव्हता. कप्तान अश्विन उभा राहिला आणि म्हणाला की दीपस्तंभ आम्ही बांधतो, बंदर आम्हाला भाडेपट्ट्यानं द्या. किती वर्षांसाठी, असं सरांनी विचारलं. तो म्हणाला, कायमचं. वर्ग तयार होता. गावात तेव्हा दिवसातून आठ-आठ तास वीज नसायची, दिव्याचं नाव काढलं की पोरं हुरळून जायची. मी उठलो आणि म्हणालो की हमाल एक गोणी उचलणार नाहीत. तीन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या दिवशी मी अश्विनला नव्व्याण्णव वर्षांवर आणलं. चौदा वर्षांचा होतो, चड्डीला मागून ठिगळ होतं, आणि त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्याच्या मधोमध चाललो.

करार झाल्यावर टोपीकरांनी गोदामातली विहीर हमालांना बंद केली. ही युक्ती अश्विनला कुठल्या पुस्तकातून काढावी लागली नाही, त्याच्या घरी माहीत होती. मीही पुस्तक उघडलं नाही. आमच्या आजोबांनी अशाच एका विहिरीपायी मार खाल्ला होता, मी तो इतिहास अंगणात बसून ऐकला होता. मी अकरा दिवस बंदर बंद ठेवलं. बाराव्या दिवशी कप्तानानं विहीर उघडली. ती दोन पानं रजिस्टरात माझ्या हातची आहेत. आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं असं कोणी विचारलं, तर बायको-लेकरांसमोर मी दुसरं काहीतरी सांगेन, पण मनात ती दोन पानंच येतील.

रोहणबंदराची करार करण्याची एक रीत होती. कागद ज्यानं लिहिला त्यानं तो उभं राहून सगळ्यांपुढे साध्या बोलीत वाचायचा. मग सर तीनदा विचारायचे, "कोनाची हरकत हाये काय?" तिसऱ्यांदा विचारताना ते खिडकीबाहेर बघायचे, आपल्या डोळ्यांचा कोणावर दाब नको म्हणून. कोणी बोललं नाही की सही आणि गावच्या सुताराकडून करून घेतलेला बाभळीचा शिक्का. वाचून दाखवलेलं एक आणि लिहिलेलं दुसरं असू शकतं, हे त्या वर्गात इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात आलं नाही. वाचणारा आपल्यातलाच असायचा. जगातली बाकी शहरं या एकाच गोष्टीवर बुडाली असतील, पण सरांनी आम्हाला ती शिकवली नाही, कारण त्यांना स्वतःला ती येत नव्हती.

पुढे मी त्याच शाळेत इतिहासाचा मास्तर झालो. सर निवृत्त झाल्यावर रोहणबंदर मी चालवू लागलो. दर शनिवारी सर यायचे आणि मागच्या बाकावर बसायचे. तोंड उघडायचे नाहीत, पण एखाद्या पोरानं दिवाणाला फार सोपं सोडलं तर त्यांची चप्पल वाजायची.

तीन वर्षांपूर्वी थंडीत अश्विन आला. पुण्यात मोबाइलवरचे खेळ बनवणारी कंपनी आहे, तिथे तो मोठ्या हुद्द्यावर. पांढरी गाडी, पण सरांच्या पाया पडताना धुळीत गुडघे टेकले, हे मी पाहिलं. कंपनीला जुन्या बंदरावरचा खेळ काढायचा होता आणि त्याला रोहणबंदर आठवलं होतं. सरांना आनंद आवरेना. बायकोला, आमच्या अनुसयाकाकूंना, त्यांनी तीनदा तेच सांगितलं की आपलं गाव जगात जाऊन राह्यलं. पैसे नको म्हणाले. त्याऐवजी नववीच्या वर्गाला पंचवीस टॅब्लेट मागितले. अश्विन लगेच हो म्हणाला.

मी म्हटलं, "सर, एखाद्या वकिलाले दाखवू."

"वकिलाले काऊन? आपला पोरगा हाये थो. वाचून दाखवन."

मग अश्विननं मला व्हरांड्यात बाजूला घेतलं. "प्रेमदास, तुहे अकरा दिवस मी खेळात टाकतो बे. नावासकट. हमालायचा पुढारी प्रेमदास. साऱ्या दुनियेत जाईन थे नाव." मी हसण्यावारी नेलं. पण खरं सांगतो, मला ते हवंसं झालं. इतकं की वर्गात परत येताना मी त्या खेळातला प्रेमदास कसा दिसेल याचाच विचार करत होतो.

करार नववीच्या वर्गातच झाला, रीतीप्रमाणे. कागद इंग्रजीत होता, चौदा पानांचा. सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. दुसरी प्रत त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "थो वाचन, तू संग संग पाह्यत जाजो." म्हणजे मला काम नेमून दिलेलं होतं. शहराच्या बाजूनं डोळे माझे होते.

अश्विन उभा राहिला आणि आमच्या बोलीत वाचू लागला. "कंपनीले रोहणबंदर खेळासाठी वापरता येईन. शहराचं नाव, लोकं, इतिहास, सारं. शाळेचं शाळेजवळ राहीनच." माझ्यापुढे नववं पान होतं. त्यात लिहिलं होतं की रोहणबंदराचे सर्व हक्क कंपनीचे, फक्त कंपनीचे, आणि कायमचे. लिहिणाऱ्यासकट दुसऱ्या कोणालाही ते पुढे लिहिता, बसवता किंवा दाखवता येणार नाही. माझं इंग्रजी काही फार भारी नाही, पण त्या ओळीतला एकही शब्द मला अडला नाही. अश्विन थांबला. तो बाटलीतलं पाणी प्याला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पान उलटलं.

तेवढंच केलं मी. पान उलटलं. बोट जिभेला लावून, व्यवस्थित.

सरांनी विचारलं, "कोनाची हरकत हाये काय?" पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारताना खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कापसाच्या बोंडांनी भरलेली ट्रॉली चालली होती आणि ती जाईपर्यंत ते गप्प राहिले, माणसाला बोलायला वेळ मिळावा म्हणून. पंचवीस पोरं होती, अश्विन होता, मी होतो. मग सरांनी सही केली, आणि कागदावर जागा नसतानाही कोपऱ्यात बाभळीचा शिक्का उठवला.

टॅब्लेट आले. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांच्यावर खेळही आला. शाळा उघडल्याच्या दिवशी वर्षाली धावत माझ्याकडे आली. वर्गातली हुशार पोरगी, दोन वेण्या, तोंडात सतत पेन. "सर, तुम्ही गेममंदी हाये."

मी टॅब्लेट हातात घेतला. शहराचं नाव पोर्ट रोहन झालं होतं. बैल नव्हते, पोळा नव्हता, समुद्र पहिल्यापासून खारट होता. खेळणारा असतो टोपीकरांचा कप्तान. चौथ्या टप्प्याचं काम होतं, हमालांचं बंड मोडा. हमालांचा पुढारी उघडा, काळाकभिन्न, हातात लोखंडी आकडा, डोळे लाल. डोक्यावर नाव लिहिलेलं, प्रेमदास. त्याला पकडून विहिरीपाशी बांधलं की टप्पा पार होतो आणि दीपस्तंभ पेटतो.

"मी तुमाले अकराव्या सेकंदाले पकडलं सर," वर्षाली म्हणाली. "आतापर्यंत कोनंच नाई पकडलं इतक्या लवकर."

तिच्या मनात खोडी नव्हती. तिला शाबासकी हवी होती, ती मी दिली.

अश्विनला फोन केला. तो गाडीत होता. "नाव टाकलं न बे? बोललो होतो थे केलं." त्यानं शब्द पाळला होता. आमच्या दोघांत ज्यानं शब्द पाळला तो तोच.

पंधरा दिवस तो चौथा टप्पा वर्गात चालला. मधल्या सुट्टीत पोरं मला पकडायची. आमच्या वस्तीतली पोरंही पकडायची, आणि ती जास्त पटाईत होती, कारण मी कोणत्या बाजूनं पळेन हे त्यांनी हेरून ठेवलं होतं. मी टॅब्लेट कपाटात ठेवू शकलो असतो. ठेवले नाहीत. ठेवले असते तर का ठेवले ते सांगावं लागलं असतं.

यंदा स्नेहसंमेलनात नववीनं रोहणबंदराचा प्रवेश बसवला. हेडमास्तरांनी कौतुकानं त्याचं चित्रण शाळेच्या नावानं इंटरनेटवर टाकलं. महिनाभरात कंपनीचं पत्र आलं. चित्रण काढून टाका, आणि यापुढे या शहराबद्दल शाळेनं काही लिहू नये, बसवू नये, शिकवू नये. हेडमास्तर घाबरट माणूस. त्यांनी रजिस्टरं कपाटात घातली, किल्ली खिशात टाकली आणि मला म्हणाले, "थूल सर, कोर्टाची भानगड नको. पुस्तकातलं शिकवा."

चिठ्ठ्या आधीच निघालेल्या होत्या. दिवाण कोण, हमाल कोण, सगळं ठरलं होतं. मी वर्गात जाऊन सांगितलं की रोहणबंदर बंद. कोणी दंगा केला नाही. काजल नावाची एक शांत पोरगी आहे, तिला यंदा दीपस्तंभाची राखणदार आली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, "मंग आमची पाच वर्षं कोन लिहीन?"

"धडा चौथा काढा," मी म्हणालो.

पत्राची गोष्ट सरांपर्यंत माझ्याआधी हेडमास्तरांनी पोचवली. रविवारी सकाळी सरांचा निरोप आला, रजिस्टर घेऊन ये. शिपायाकडून दुसरी किल्ली मागून मी शेवटचं रजिस्टर काढलं आणि पिशवीत घालून गेलो.

अनुसयाकाकू दारातच भेटल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "दोन दिवसांपासून एकच लावलं हाये त्यायनं. मायं डोस्कं गेलं म्हनते. मले ऐकू आलं नाई, मले समजलं नाई, तेहेतीस वर्षायचं मी एका दिवसात घालवलं म्हनते. जेवून नाई राह्यले बाप्पा."

सर अंगणात बाजेवर बसले होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन सावंगीच्या दवाखान्यात झालं होतं, आता त्यांना माझा चेहरा चांगला दिसत होता. मला ते बरं वाटलं नाही.

"बस. एक इचारतो, खरं सांगजो. कायमचं म्हनून अश्विननं वाचलं होतं काय? मले आठवून नाई राह्यलं."

"नाई वाचलं सर."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी एक लांब श्वास सोडला. दोन दिवस त्यांच्या छातीवर काय बसलं होतं ते मला दिसलं. आपण म्हातारे झालो, कान गेले, वाचलेलं कळलं नाही, हे. ते थोडं हललं.

"अन् कागदावर होतं?"

"होतं सर. नवव्या पानावर."

"तुले दिसलं होतं काय?"

हा प्रश्न त्यांनी मला अडकवायला विचारला नाही. हे माझ्या लक्षात आलं, आणि तेच वाईट झालं. ते संशय घेत असते तर मी कदाचित खरं बोललो असतो, भांडून का होईना. ते माझ्याकडे आशेनं बघत होते. त्यांना एक सोबती हवा होता, फसलेल्यांतला.

"नाई सर," मी म्हणालो. "मायीबी नजर चुकली."

सर हसले. खरंच हसले. "मंग ठीक हाये. तुह्या तरन्या डोयायले नाई दिसलं, तं माया कानाले कुठून ऐकू येईन. अहो, भाकर टाका. प्रेमदासबी जेवन."

त्यांनी दीड भाकरी खाल्ली. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि मला आग्रहानं पिठलं वाढलं. मी सगळं खाल्लं. मला खाली मान घालून जेवायला काहीतरी हवं होतं.

हात धुतल्यावर सर म्हणाले, "लिही. शेवटचं हाये, मी सांगतो."

रजिस्टरातलं मराठी ते नेहमी छापील सांगायचे, बोलीतलं नाही. मी बाजेच्या कडेवर रजिस्टर ठेवलं आणि लिहू लागलो. या साली रोहणबंदर कायमचे परक्यांच्या हाती गेले. करार वाचणाऱ्याने शहराशी खोटेपणा केला. शहराच्या वतीने मूळ कागद पाहण्याचे काम प्रेमदास थूल याच्याकडे होते. त्याने ते निष्ठेने केले. त्याच्याकडे कोणताही दोष जात नाही.

माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. ओळी सरळ आल्या. सरांनी नवे डोळे बारीक करून पान जवळ धरलं आणि शब्दावर बोट ठेवत वाचलं.

"नाव अर्धं नको लिहू," ते म्हणाले. "पुढे मांगं कोनी तुह्यावर बोट दाखवलं तं हेच पान कामी येईन. तुह्या बापाचं नाव घाल मधात. लई सरळ मानूस होता थो."

मी बापाचं नाव घातलं.